पुठ्ठा कुणाचा?

ताई, नमस्कार.

पुण्यात धनकवडीत आमची चोवीस घरांची सोसायटी आहे. खाली रस्त्याच्या अंगाला सहा गाळे: किराणा, खानावळ, सलून, मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स आणि एक पोळी-भाजी केंद्र. गेल्या वर्षी सचिवपद माझ्या गळ्यात पडलं आणि त्याच्यासोबत कचराही. दारोदार कचरा घेणाऱ्या मावशी गेली बारा वर्षं येतात, घरटी ७० रुपये घेतात. मागच्या महिन्यात त्यांनी गाळ्यांचा कचरा घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "खरकट्यात बुडवलेला पुठ्ठा मी नाय उचलायची." तेव्हापासून गाळेवाले रात्री गुपचूप आमच्या डब्यांत ओततात. पंधरा दिवसांपूर्वी एका डब्यातून धूर निघाला, आत मोबाईलची फुगलेली बॅटरी होती.

अध्यक्षकाकांनी तोडगा काढलाय. एक टेम्पोवाला महिन्याला ३,००० रुपयांत घरं आणि गाळे मिळून सगळा कचरा एकत्र न्यायला तयार आहे, वेगळं करायची कटकट नको. त्यातला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा असला चांगला माल वॉचमननं आधीच काढून ठेवायचा आणि सोसायटीनं भंगारवाल्याला विकायचा. त्याचे महिन्याला २,५०० सुटतात म्हणे. सभासद खूष आहेत. मला कुठंतरी खटकतंय, पण बोलायला मुद्दा सापडत नाही. त्यात "पुढं गाडीत सगळं एकच होतं, आपण वेगळं करून काय उपयोग" हे वाक्य दर बैठकीला ऐकते. खताचा हौद आहे, पण वास यायला लागला म्हणून बंद केलाय. रविवारी सभा आहे. काय बोलू?

कंटाळलेली सचिव

ता. क. जिन्याखाली कुणीतरी देवांच्या जुन्या तसबिरी आणून ठेवल्यात. त्यांचं काय करायचं असतं?

*

सचिवबाई,

सगळ्यात आधी अध्यक्षकाकांचा हिशेब घेऊ, कारण सभेत भावनेवर कुणी मत देत नाही, आकड्यावर देतं. ३,००० जाणार, २,५०० येणार, उरले ५००. तीस जणांत वाटले तर माणशी १७ रुपये. आज घरं ७० देतात. म्हणजे घरटी ५३ रुपये वाचले. दोन-तीन वडापाव. आता त्यांचा ठराव पुन्हा एकदा वाचा. पहिल्या ओळीत लिहिलंय, कचरा वेगळा करायची कटकट नको. दुसऱ्या ओळीत, चांगला माल वेगळा काढून विकायचा. अहो, मग तो वेगळा कोण काढणार? वॉचमन. एकत्र आलेल्या तीस ठिकाणच्या कचऱ्यात, आमटीभातात हात घालून. तुमच्या वॉचमनला कुणी विचारलंय का? माझ्या अंदाजानं तो तिसऱ्या दिवशी गावी काहीतरी काम काढेल.

आणि ते २,५०० आले कुठून? काकांनी भंगाराच्या दुकानातला भाव विचारला असणार आणि किराणा दुकानाबाहेरच्या खोक्यांच्या थप्पीशी गुणला असणार. तो भाव कोरड्या, घडी घातलेल्या पुठ्ठ्याचा. ओल्या पुठ्ठ्याला भंगारवाला वजनात कापतो, खरकट्याच्या पुठ्ठ्याला हात लावत नाही. आज तुमच्याकडच्या सुक्या कचऱ्यातून पैसे निघतात, कारण बारा वर्षं एक बाई दारात उभी राहून "ताई, हे ओल्यात कशापायी टाकलं?" असं म्हणत आलीय. ती गेली आणि 'सगळं एकत्र' सुरू झालं, की दोन महिन्यांत विकण्यासारखं काही राहणार नाही. टेम्पोचे ३,००० मात्र राहतील.

सभेत एवढं बोललात तरी ठराव लंगडा होईल. पण तुम्हाला खटकतंय ते याच्याही आधीचं आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

तो पुठ्ठा मावशींच्या पगाराचा भाग आहे. पुण्यात ही पद्धत कुणाच्या मेहरबानीनं पडलेली नाही. उकिरडा उपसून पोट भरणाऱ्या बायकांची १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नाव ठेवताना कुणी संस्कृत कोश उघडला नाही, पोत्यात काय काय असतं तेवढं सांगून टाकलं. पुढं महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली आणि २००८ मध्ये त्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिचा महापालिकेशी करार झाला, त्याचं सूत्र साधं होतं: वेचकानं दारातून कचरा घ्यायचा, घरानं ठरलेलं शुल्क द्यायचं, आणि सुक्यातला विकण्याजोगा माल विकून येतील ते पैसे वेचकाचे. घरटी ७० रुपये परवडतात ते या दुसऱ्या कमाईमुळं. ती काढून घ्यायची असेल तर मग मावशींना महिन्याचा रीतसर पगार द्या, रजा द्या, आणि बघा घरटी किती बसतात. काकांना हा आकडा काढायला सांगा, त्यांना आकडे आवडतात.

कुणी म्हणेल, रद्दी तर आम्ही वर्षानुवर्षं विकतोच. विका की. वर्तमानपत्रं, जुनी पुस्तकं, बिघडलेला पंखा, जर्मनची फुटकी परात हे घरानं विकायचं, हा रिवाज मावशींनाही मान्य आहे, त्यावर त्यांचा डोळा नसतो. त्यांचं चालतं ते तुम्ही-आम्ही 'टाकलेल्या' वस्तूंवर: दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, खोकी, तुटक्या बादल्या, पत्र्याचे डबे. टाकून दिलेली वस्तू कुणीतरी विकतंय हे कळल्यावर ती एकाएकी आपली वाटायला लागते, हा मनुष्यस्वभाव. माझ्याही सोसायटीत हे झालंय. एका गृहस्थांनी शीतपेयांच्या बाटल्या दोन महिने बाल्कनीत साठवल्या आणि शेवटी मिळालेल्या पैशांत त्यांना रिक्षाही परवडली नाही.

जमलं तर एक सकाळ मावशींसोबत बसा. मी बसले होते, आमच्या मागच्या पायरीवर, तासभर. समोर चार पोती. एकात कागद, एकात पुठ्ठा, एकात बाटल्या, चौथ्यात बाकीचं प्लास्टिक. कोणतं प्लास्टिक कोणत्या भावाचं हे त्या चुरगाळून आवाजावरून ओळखत होत्या. कुरकुर वाजलं तर इकडं, मऊ दबलं तर तिकडं. वेफर्सचं पाकीट हातात आलं की न बघताच बाजूला. कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटत नाहीत, म्हणून भंगारात त्याला गिऱ्हाईक नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. तासाभरात त्यांनी काढलेल्या मालाकडं बघून मला कळलं, 'रिसायकलिंग' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते आमच्या मागच्या पायरीवर होतं. पुढं भंगाराच्या दुकानात फक्त वजन आणि वर्गवारी, आणि तिथून माल कारखान्याकडं.

"गाडीत सगळं एकच होतं" याचं उत्तरही इथंच आहे. समजा गाडीत खरंच एक झालं. होतं कधीकधी, मी नाकारत नाही. आमच्याकडच्या घंटागाडीवाल्यानं माझ्या डोळ्यांदेखत हिरवा डबा आणि निळा डबा एकाच कप्प्यात उपडा केलाय. तेव्हा गाडीचा नंबर आणि फोटो काढून तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई खात्याच्या चौकीत द्यायचा, महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचा. पण गाडी येईपर्यंत कामाचा माल मावशींच्या पोत्यात गेलेला असतो. तुमचं वेगळं करणं तिथंच कामी आलेलं असतं. गाडीनं नंतर घातलेला गोंधळ खताच्या आणि गॅसच्या प्रकल्पांना त्रासाचा होतो, तुमच्या पुठ्ठ्याला नाही.

टेम्पोवाल्याला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: नेणार कुठं? कुठल्या प्रकल्पात, कुठल्या परवानगीनं, वजनकाट्याची पावती देणार का? तो "तुम्ही काळजी करू नका ताई" म्हणाला, की काळजी करा. महिना ३,००० रुपयांत तीस ठिकाणचा मिश्र कचरा नेणारा माणूस तो कुठंतरी ओततोच, आणि पुण्याभोवती तशी जागा म्हणजे कुणाच्या तरी गावाची वेस. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी हे दोन पिढ्या सोसलंय, कचरा डेपोच्या वासानं, विहिरींच्या पाण्यानं. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात तीन आठवडे कचरा साचला. तेव्हा आपण सगळे नाकाला रुमाल लावून फिरत होतो आणि 'यांना काय झालंय' म्हणत होतो. शिवाय कचरा वेगळा करून अधिकृत माणसाच्याच हाती द्यायची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. उद्या तो टेम्पो एखाद्या ओढ्याकाठी पकडला गेला आणि ढिगातून तुमच्या सोसायटीचं लाइटबिल निघालं, तर नोटीस नुसती टेम्पोला नाही, तुम्हालाही येऊ शकते. सचिव म्हणून सही तुमची आहे.

आता गाळे. खरं दुखणं हेच आहे, आणि मावशींच्या नकाराचं मूळही हेच. सहाही गाळ्यांना एकाच मापानं मोजू नका.

किराणावाला तुमचा मित्र आहे. त्याची खोकी म्हणजे मावशींची दिवाळी. त्याला एवढंच सांगायचं, खोकी फोडून आडवी करा आणि छपराखाली ठेवा, पावसात नको. झेरॉक्सवाल्याचंही तेच. पांढऱ्या कागदाला रद्दीत चांगला भाव असतो. त्यानं त्यात चहाचे कप टाकू नयेत, बस्स. हे दोघं मावशींना आजच देऊन टाकतील, ठरावाची गरज नाही.

खानावळ आणि पोळी-भाजी केंद्र ही वेगळी गोष्ट. खानावळीचा ओला कचरा दिवसाला तुमच्या चोवीस घरांएवढा भरला तर मला नवल वाटणार नाही. घरांच्या ७० रुपयांत तो बसवणं हाच मुळात अन्याय. धंद्याच्या कचऱ्याचं शुल्क घरापेक्षा जास्तच असतं. ते मावशींशी, किंवा त्या 'स्वच्छ' संस्थेच्या असतील तर त्यांच्या पर्यवेक्षकाला बोलावून, खानावळवाल्यानं स्वतः ठरवायचं. सोसायटीनं मध्ये पडून ते मेंटेनन्समध्ये मिसळू नये, नाहीतर पुन्हा 'आम्ही पैसे भरतो' म्हणून तुमच्या डब्यात ओतणं सुरू. त्यांच्यासाठी झाकणाचे दोन मोठे पिंप, एक खरकट्याचं आणि एक कोरड्याचं, त्यांच्या गाळ्याच्या मागं, त्यांच्या कुलपात. खरकटं ओतण्याआधी चाळणीत निथळू द्यायचं. साधी भाताची चाळणी चालते. आमटीचं पाणी निघून गेलं की वजन कमी होतं, वास कमी होतो आणि उचलणाऱ्या बाईच्या साडीवर ओघळ येत नाही. हे शेवटचं कारण खानावळवाल्याला सांगाच, कारण वजनावर तो वाद घालेल, साडीवर घालणार नाही.

तळणीचं जुनं तेल तो बहुधा मोरीत ओतत असेल. मग पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं की पहिल्या मजल्यावरचे तुमच्या दारात. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना चालवलीय, ते विकत घेणारे असतात. पाच लिटरच्या मोकळ्या डब्यात गाळून साठवलं की झालं, वर चार पैसेही मिळतात. आणि पार्सलसाठी तो अजून थर्माकोलच्या वाट्या वापरत असेल, तर त्याला सांगा की महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००, तिसऱ्या खेपेला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. पार्सलचे डबे घरून घेऊन येणाऱ्याला तो दोन रुपये कमी लावायला तयार झाला, तर अर्धा प्रश्न तिथंच संपतो. आमच्याकडच्या खानावळीत हे आपोआप सुरू झालं, कारण एका आजोबांनी रोज स्टीलचा डबा नेऊन मालकाला लाज आणली.

सलूनवाल्याला ब्लेडसाठी पत्र्याचा डबा द्या, झाकणाला फट पाडलेला, गल्ल्यासारखा. भरला की झाकण चिकटपट्टीनं बंद करून वर 'ब्लेड' लिहायचं आणि मावशींच्या हातात सांगून द्यायचा. हे मी जरा कडक शब्दांत सांगते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. काच लोणच्यात, लोणचं काचेत. वेगळं काय करायचं म्हणून मी तशीच पिशवीत भरून ओल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी आमच्या मावशींच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. "कुणाची तरी बरणी व्हती," म्हणाल्या. कापलं होतं आणि कापलेल्यात मीठ-तिखट गेलं होतं. मी त्या वेळी "माझी" म्हणाले नाही. आठवड्यानं म्हणाले. त्या हसल्या, "मला म्हाईत हाय, कैरीच्या फोडी तुमीच येवढ्या बारीक करता." तेव्हापासून आमच्या घरात फुटलेली काच जाड कागदात गुंडाळली जाते आणि वर स्केचपेननं मोठ्ठं 'काच' लिहिलं जातं.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचंही तसंच. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. पुण्यात यासाठी वेचक बायकांनीच जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकल्यात, मागितल्या तर मावशी आणून देतील. हा मुद्दा सभेत काढताना पुरुष खाली बघतील. बघू दे.

मोबाईलवाला हुशार असतो, सर्किट आणि स्क्रीन तो टाकत नाही, त्याला त्याचं मोल ठाऊक असतं. नकोशी असते ती फुगलेली बॅटरी. लिथियमची बॅटरी दबली किंवा टोचली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते, तुमच्या डब्यात तेच झालं. हीच बॅटरी कचरा दाबणाऱ्या गाडीत गेली असती तर गाडी पेटली असती. त्यानं दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावायची, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्यायची. याबाबतीत मात्र तडजोड नको. खरकट्याचा वास सहन होतो, जिन्याखालची आग होत नाही.

आता हे गाळेवाले तुमचं का ऐकतील? बहुतेक गाळे भाड्यानं दिलेले असणार, मालक सभेला येत नसणार आणि भाडेकरूला सोसायटीशी देणंघेणं नसणार. पण भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. गाळेमालक तुमचा सभासद आहे, त्याला पत्र द्या की पुढच्या करारात एक ओळ घालावी: कचरा वेगळा करून देणं आणि त्याचं शुल्क भरणं भाडेकरूवर बंधनकारक. ती ओळ करारात आली की माणूस बदलतो, असा माझा अनुभव आहे. तोवर डब्यांना रात्री कुलूप. हो, कचऱ्याच्या डब्यांना. हसले तर हसू दे.

एक पाटी लावायलाही हरकत नाही, पुण्यात आहोत. मजकूर सुचवते: 'पुठ्ठा कोरडा ठेवावा. ओला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, मावशी घेत नाहीत व आम्हीही घेत नाही. तो आपल्याच गाळ्यात ठेवून घेतला जाईल.'

घरांना फार उपदेश करू नका. मोरीपाशी दोन डबे, आणि दुधाच्या पिशवीची एक सवय, एवढंच सांगा. पिशवीचा कोपरा पुरता कापू नये, तुकडा लोंबता ठेवावा, नाहीतर तो इवलासा त्रिकोण कुणाच्याच पोत्यात येत नाही, थेट ओल्यात जातो. पिशवी चमचाभर पाण्यानं विसळून ते पाणी दुधातच ओतायचं, तसंही आपण ते करतोच, आणि पिशवी नळावर उलटी टाकायची. वाळली की सुक्यात. आंबट वास मारणाऱ्या पिशव्यांचं पोतं पाठीवर घेऊन चालणं काय असतं, ते मी एकदाच अनुभवलंय, पार्किंगपासून फाटकापर्यंत, आणि पुरे झालं.

हौदाचं थोडक्यात. चोवीस घरांचा ओला कचरा त्यात आरामात जिरतो, खानावळीचा नाही. तेल-मिठाचं खरकटं त्यात जाऊ देऊ नका. वास येतो कारण ओलावा जास्त आणि कोरडं कमी. तुमच्या आवारात झाडं असतील, त्यांचा पाला जाळू नका, पोत्यात भरून हौदाशेजारी ठेवा आणि जेवढा ओला कचरा तेवढाच, डोळ्यांच्या मापानं, पाला वरून टाका. आतलं मूठभर घेऊन पिळायचं. पाणी ठिबकलं तर आणखी पाला. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका, त्या काम करायला आल्यात. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी बाहेर ठेवा, त्या लवकर कुजत नाहीत. काकांसाठी एक आकडा इथंही आहे: पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक गोष्ट चालू असली तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असल्या तर १० टक्के सवलत मिळते. नुसता हौद असून भागत नाही, तो चालू असावा लागतो. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. टेम्पोच्या बचतीपेक्षा हे जास्त भरतं का, काकांना मांडून बघायला सांगा.

रविवारच्या सभेला मावशींना बोलवा. त्या म्हणतील, मला काय कळतंय त्यातलं. तरी बोलवा, आणि सकाळच्या फेरीनंतरची वेळ ठेवा, नाहीतर त्यांचा दिवस बुडतो. कुठल्या गाळ्यातून काय येतं आणि कुठल्या मजल्यावर कोण वेगळं करत नाही, याची तुमच्याकडं नसलेली यादी त्यांना तोंडपाठ असते. मात्र नावं सभेत घ्यायला लावू नका. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभं राहायचं असतं. नावं तुम्ही आधी विचारून घ्या आणि त्या घरी तुम्ही जा.

आता तुमचा ताजा कलम. तसबिरी लोक पिंपळाखाली, पुलावर, दुसऱ्याच्या जिन्याखाली ठेवतात, कारण कचऱ्यात टाकवत नाही. आपण देव सोडवला नाही, नुसता दुसऱ्याच्या दारात ठेवला, हे सोयीस्करपणे विसरतात. चौकटीच्या मागचे खिळे उपसा, काच, लाकूड आणि चित्र वेगळं करा. चित्राचा कागद पाण्यात भिजवून लगदा करा आणि तुळशीच्या किंवा एखाद्या झाडाच्या मातीत मिसळा, निर्माल्यासारखा. चकचकीत प्लास्टिकचा मुलामा असेल तर तो भिजत नाही, मग तो कोऱ्या कागदात गुंडाळून सुक्यात द्या, पाप लागत नाही. काच आणि पत्र्याची चौकट मावशींना.

पण देण्याआधी त्यांना विचारा. आमच्या मावशींनी दत्ताची तसबीर चौकटीसकट मागून घेतली. पदरानं काच पुसली, पोत्यात नाही टाकली, कडेवर घेतली. म्हणाल्या, "वर भिंत रिकामीच हाय."